उपरण्याखालचे आठ महिने

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. माझ्या आधी घरात सगळ्यात जास्त शिकलेले माझे चुलते, चौथी पास. ते सही करायला लागले की सोसायटीतला माणूस तेवढ्यात चहा पिऊन यायचा.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. गाव भूम तालुक्यात, पण गावातलं घर चार महिन्यांचं. दिवाळी झाली की आई, आप्पा आणि चुलते मेंढरं घेऊन सीनेच्या काठाकाठानं खाली जायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, आणि मिरगाचा पाऊस जवळ आला की परत फिरायचे. आठ महिने बाहेर, चार महिने घरी. मेंढरांमागं फिरून शाळा होत नाही, म्हणून पाचवीत आप्पांनी मला वसतिगृहात घातलं. तेव्हापासून घरचे रानातले राहिले आणि मी भिंतीतली झाले. पुढं भूमला कॉलेज केलं, बी.एस्सी. तिथं एका खोलीत मी आणि ढोकीची एक मैत्रीण राहायचो. तिचे वडील कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचे.

कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. ते चालवायची एक ताई. पुण्याला इंजिनिअरिंग करून, दोन वर्षं नोकरी करून ती परत आली होती आणि वडिलांचं दुकान बघत होती. तिनं पुण्याहून एक खेळ आणला. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तो खेळायचो. मी, ढोकीची मैत्रीण आणि वर्गातला एक सोनारीचा मुलगा. त्याच्या घरचं काळभैरवाच्या देवळापाशी नारळ-फुलांचं दुकान.

खेळ असा, की एक जण गोष्ट चालवतो आणि बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. ते जमलं का नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट चालवायची ताई. सोनारीवाला झाला तलवारबाज, आणि तो दिसेल त्या दाराशी भांडायचा, दार उघडं असलं तरी. ढोकीची झाली जादूगारीण. कुठं गुहेत खजिना सापडला की तिचा पहिला प्रश्न, "ट्रॉली आत येती का?"

माझं सोंग मी स्वतः निवडलं. रूप बदलणाऱ्या एका टोळीतली नऊ-दहा वर्षांची पोरगी. टोळी सदा फिरती. एका पुरात ही मागं राहिली, आणि एका गावातल्या लोहारणीनं तिला वाढवलं. ती टिटवी व्हायची, ससा व्हायची, लांडगा व्हायची. घाबरली की आधी कान बदलायचे. एकदा राजासमोर उभी राहून अदबीनं बोलता बोलता तिचे कान सशाचे झाले आणि आम्हाला तिथून पळावं लागलं. त्या दिवशी आम्ही इतके हसलो, की बाहेर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस वाकून आत बघायला लागला.

मला सगळ्यात आवडायचं तिला लांडगा करायला. घरी हे सांगायची सोय नव्हती.

झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर मी त्या पोरीची सगळी माहिती लिहून ठेवली होती. ताकद किती, पळते किती, काय खाते. एकदा ताईनं विचारलं, "हिला तिच्या टोळीची आठवण येते का?" पुढच्या रविवारी सांगते, म्हणाले. दोन वर्षं गेली, मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. पेपरांच्या आधीच ताईच्या कॉम्प्युटरवर बसून मी संभाजीनगरला एम.एस्सी.चा फॉर्म भरला होता. दोन वर्षांचं शिक्षण. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. आप्पांचा फोन आला होता, "पेपर झालं की गाशा गुंडाळ. बाजाराला येतोय, संगंच जाऊ."

आप्पा शिक्षणाच्या विरोधात नव्हते, हे मी ठासून सांगते. माझं बारावीचं गुणपत्रक त्यांनी घोंगडीवर पसरून परक्या गावच्या पाटलांना दाखवलंय. त्यांची भीती वेगळी होती. माझा एक चुलतभाऊ कामाला पुण्याला गेला. आता तो जत्रेपुरता येतो, आणि आईनं थापलेली भाकरी हातात धरून म्हणतो, जाड झालीय. आप्पांनी ते एकदा ऐकलं, ते त्यांच्या मनातून गेलं नाही. "शहरात गेलं की माणूस येगळं व्हतं, बाय," ते म्हणायचे. "तू तेवढं व्हऊ नको." मी आणखी दोन वर्षं मागितली की ते नाही म्हणणार, असं मला वाटत होतं. आणि आप्पांचं एकदा नाही झालं की पुन्हा त्याचं हो होत नाही. त्यामुळं मी दिवसभर त्यांना काय सांगायचं आणि कसं, ते मनात जुळवत होते.

आता बाजाराची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं मेंढरांचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं की एक. पंजा धरला की पाच. दोन्ही हातांनी धरला की दहा. बघणाऱ्यांना नुसतं कापड हललेलं दिसतं. याचे नियम दोनच. मधल्या माणसानं तोंड उघडायचं नाही, आणि बोटावर ठरलेलं मोडायचं नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना आप्पा घोंगडीखाली माझी बोटं दाबून विचारायचे, "सांग किती?" पाढे मी नंतर शिकले, हे आधी.

तर त्या दिवशी चार वाजता आप्पा मेंढरं विकून दुकानापाशी आले. खांद्यावर उपरणं, हातात काठी, आणि पिशवीत गोडीशेवेचा पुडा. गाडी सहाची होती. आमचा त्या दिवशी शेवटचा खेळ चालला होता, कारण नंतर सगळे आपापल्या वाटेनं जाणार होते. ताईनं आप्पांना कागदाच्या खोक्यावर बसवलं, चहा सांगितला. आप्पांनी काठी झेरॉक्सच्या मशीनला टेकवली आणि टेबलावरचा फासा बघितला.

"जुगार हाय का?"

"नाही काका, गोष्ट आहे," ताई म्हणाली.

"गोष्टीला फासा कशाला?"

"फासा नसला तर तुमच्या पोरीला कोण आवरणार काका?" सोनारीवाला म्हणाला. "लांडगा व्हती ती."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता. मागच्याच साली लांडग्यानं आमची दोन कोकरं नेली होती. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू ती मीच नेली.

"आपल्या घरातली पोर, आन् लांडगा?"

"खेळातली हाय वो, आप्पा."

"मग मेंढी व्हायला काय झालं व्हतं?"

"मेंढी होऊन लढाई कशी करायची काका?" ढोकीच्या मैत्रिणीनं विचारलं.

"तू आमचा टकरीचा एडका बघितला न्हाईस," आप्पा म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. टोळी, पूर, लोहारीण, टिटवी, ससा. ते नीट ऐकत होते. आप्पा गोष्ट फार चांगली ऐकतात, कारण रानात दुसरं काही नसतं.

"म्हंजी बहुरूपीच की ती," ते म्हणाले. "त्यो न्हाय का येत, पोलिसाचा ड्रेस घालून."

"त्यो कपडे बदलतो. ही अंगच बदलती."

"आन् आतनं?"

"आतनं काय?"

"टिटवी झाली, लांडगा झाला. आतनं कोण ऱ्हाती ती?"

दोन वर्षांत ताईनंसुद्धा हे विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तीच ऱ्हाती," मी म्हणाले.

"मंग बेस हाय," आप्पा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात फार खातरी नव्हती.

खेळ पुढं सुरू झाला. ताईनं सांगितलं, की डोंगराच्या कडेला चुली पेटल्यात. टोळी आलीय. इतक्या वर्षांनी आपलं मूल शोधत आलीय. टोळीचा म्होरक्या लोहारणीच्या दारात उभा राहून म्हणतो, आमची पोर आम्हाला द्या. "आता तू सांग," ताई मला म्हणाली. "पोरगी काय करते?"

टोळीबरोबर जा म्हणावं तर लोहारणीचा भाता डोळ्यांपुढं येत होता. राहा म्हणावं तर त्या चुली. मी तो कागद हातात घेऊन नुसती बसले. सोनारीवाला म्हणाला, मी दाराशी भांडू का? कुणी हसलं नाही.

मग ताईचं लक्ष आप्पांकडं गेलं. त्यांनी खोकं सरकवत सरकवत टेबलापर्यंत आणलं होतं.

"काका, तुम्ही म्होरक्या व्हा," ती म्हणाली. "मी लोहारीण होते."

आप्पांनी पटका नीट केला. "टोळीला घरदार हाय का?"

"नाही. वर्षभर फिरते."

"मेंढरं किती?"

"मेंढरं नाहीत काका."

"मंग फिरत्यात कशाला उगं?"

ताईनं गोष्ट तिथंच बदलली. "आहेत. दोनशे."

"आता बरं." आप्पांनी घसा खाकरला आणि लोहारणीला बोलायला सुरुवात केली. खेळ आहे हे त्यांच्या तोंडाकडं बघून कुणाला वाटलं नसतं. "बाई, पोर आमची. पुरात वाट चुकली, तुमच्या दारात आली. तुमी संबाळली, लई उपकार हायेत. पर पोर रानाची हाय. तिला आमच्यातलं कायतरी कळाया पायजे का नगं? उंद्या आमच्यात आली आन् आमच्याच भाकरीला नावं ठिवली, तर?"

मी मान खाली घातली.

ताई लोहारीण होऊन म्हणाली, "मी तिला कोयता करायला शिकवलं. अजून पोलादाला पाणी द्यायचं राहिलंय. अर्धं शिकलेली पोर नेता का?"

पाणी न दिलेला कोयता काय कामाचा, हे आप्पांना कुणी सांगायला नको होतं. पहिल्याच फांदीला धार वळते.

"अर्धंच झालंय?"

"अर्धंच."

त्यांनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "असं तोंडानं न्हाय व्हायचं," आणि खांद्यावरचं उपरणं काढलं. "वर्साचं म्हैनं बारा. पोर तुमच्याकडं किती म्हैनं ऱ्हाणार, तेवढं ठरवू. आणा हात." मग एकदम अवघडले. "बाईमाणसाशी म्या कधी सौदा केला न्हाय. पर लेकीवानी हायस तू. आण."

ताई दुकानदाराची मुलगी, गावातच वाढलेली. पण मेंढरांच्या बाजारात ती कधी उभी राहिली नव्हती. म्हातारा माणूस एवढ्या मायेनं हात पुढं करतोय म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि चांगला हलवला, मोठ्या साहेबाला भेटल्यासारखा. आप्पांनी वरून उपरणं टाकलं.

दोन पंजे. दहा.

आप्पांच्या भुवया पटक्यापर्यंत गेल्या. पण ते मुरलेले गडी, तोंडावर काही येऊ दिलं नाही. त्यांनी उपरण्याखाली तिची तीन बोटं धरली. ताईला वाटलं, हा आपुलकीचाच काहीतरी प्रकार आहे. तिनं पुन्हा दोन्ही हातांनी दाबला.

आप्पा आमच्याकडं वळून म्हणाले, "बाई लई कडक हाय."

त्यांनी पाच धरले. ताईनं हसून पुन्हा दहा. मग सहा. पुन्हा दहा, वरून मान डोलावून. आप्पांच्या कपाळाला घाम आला. आयुष्यात असा घेणारा त्यांना भेटला नव्हता, जो एका बोटानंही खाली येत नाही आणि वर हसतो.

कापडाच्या घड्या कशा हलतायत ते मला दिसत होतं. काय घोटाळा चाललाय तेही कळलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. पण मधल्या माणसानं बोलायचं नाही, हा नियम. इतक्या मनापासून मी दुसरा कुठलाच नियम पाळलेला नाही.

शेवटी आप्पांनी पंजा धरला, सोडला, आणि तीन बोटं धरली. आठ. आणि तशीच धरून ठेवली. ताईला आता जरा संशय आला होता, की आपल्याकडून काहीतरी उत्तर हवंय. ती म्हणाली, "बरं काका."

"झाला सौदा!" आप्पांनी उपरणं झटकलं. "आठ म्हैनं पोर तुमच्याकडं, शिकवा काय शिकवायचं ते. पावसाळ्याचं चार म्हैनं आमच्याकडं."

"आठ?" ताईनं विचारलं. "आठ कधी ठरले?"

मग मला राहवेना. मी हसायला लागले आणि हसत हसतच सगळं सांगितलं. पंजा म्हणजे काय, दोन पंजे म्हणजे काय. ढोकीची मैत्रीण टेबलावर डोकं टेकून हसत होती. ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अगं बाई! काका, मी तर नुसता नमस्कार करत होते."

"म्हंजी म्या एकटाच सौदा करत व्हतो?" आप्पा म्हणाले. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आप्पा हसले की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं.

"मग हा सौदा रद्द," सोनारीवाला म्हणाला. "परत पहिल्यापासनं."

आप्पांनी डोळे पुसले. "रद्द कसा? बोट धरलं म्हंजी जबान दिली." ते काठी घ्यायला उठले, आणि मशीनपाशी उभे राहून, आमच्याकडं न बघता म्हणाले, "आन् आठ म्हैन्यांत वंगाळ काय हाय? आमी बी आठ म्हैनं भायेरच अस्तोय की. म्हनून काय घर इसरतोय का?"

त्या पोरीनं पुढं काय केलं ते मी त्या दिवशी कागदावर लिहिलं, आठ आणि चार. दोन वर्षं अडलेलं उत्तर एका ओळीत बसलं. मग ताईनं मला दारापर्यंत पोचवलं आणि तो वीस बाजूंचा फासा माझ्या हातात कोंबला. "ठेव," म्हणाली. "आणि आज सांगून टाक."

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. माझी वळकटी, पत्र्याची पेटी, पेटीवर गोडीशेव. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पायांशी बांधलेली कोंबडी. गाडीला अजून वेळ होता. मी दिवसभर जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"आप्पा, म्या फॉर्म भरलाय. संभाजीनगरचा. पुढं शिकायचा."

आप्पांनी हात माझ्याकडं सरकवला आणि वरून उपरणं टाकलं.

मी त्यांची दोन बोटं धरली.

"म्हैनं?" त्यांनी हळूच विचारलं. खरं तर बोलायचं नसतं.

"वर्सं."

त्यांचा हात तसाच राहिला, खरबरीत, गरम. मग त्यांनी माझी चार बोटं धरली. मला लगेच कळलं. वर्षातले चार महिने घरी. आता एम.एस्सी.ला चार महिने सुट्टी कोण देतंय? मी त्यांचं एक बोट धरलं. त्यांनी पुन्हा चार. मी दोन. त्यांनी माझ्याकडं तिरकं बघितलं, त्यांनीच शिकवलेली पोर होते मी. शेवटी त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि सोडली नाहीत. दिवाळी, उन्हाळा, जत्रा, मिळून सगळं ओढूनताणून तीन होत होते. मीही सोडली नाहीत.

खरं सांगते, पुढं त्या दोन वर्षांत ते तीन महिने मी एकदाही पुरते भरले नाहीत. आता मी धाराशिवला ज्युनिअर कॉलेजला शिकवते, गावापासून दोन तासांवर, तरी आप्पा अजून उपरण्याखाली मागची बाकी मागतात.

शेजारचे गृहस्थ मघापासून आमच्या उपरण्याकडं बघत होते. त्यांना राहवलं नाही. "काय पाव्हणं, काय ठरलं मग?"

आप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"इकायचं काय न्हाय," ते म्हणाले, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पोरगी शिकाया निघालीय माझी. संभाजीनगरला."

गाडी आली. खिडकीजवळची जागा त्यांनी मला दिली, पेटी पायाखाली घेतली आणि गोडीशेवेचा पुडा फोडून मांडीवर धरला. भूम मागं पडलं, तरी ते कसला तरी विचारच करत होते. शेवटी म्हणाले,

"बाय, त्या लांडग्याचं कायतरी बघ की."

"एडका करते," मी म्हणाले.

"हां," आप्पा म्हणाले, आणि मूठभर शेव माझ्या हातात ओतली.